काजाकडे जाणारी वाट

मी टाचणी बोलतेय. डबीत बाकीच्या शंभर जणींबरोबर लोळत पडलेली ती नव्हे. मी कॉम्प्युटरमधली टाचणी, म्हणजे एक छोटासा प्रोग्रॅम. मला हात नाहीत, पाय नाहीत, टोक मात्र आहे. बोलताना ते कुणाला लागलं तर मी माफीबिफी मागणार नाही. बोथट टाचणी कुणाच्या कामाची?

माझं शिक्षण विचाराल तर जेमतेम. मला शब्द ओळखता येतो, त्यामागचा राग, लोभ, टोमणा काही कळत नाही. दुकानाची पाटी वाचता यावी आणि कोर्टाचा कागद डोक्यावरून जावा, तशातली गत. पण जे काम दिलं ते मी चोख केलं. ते काम म्हणजे पानातले शब्द हेरायचे आणि त्यांना लिंक लावायची. लिंक म्हणजे शब्द निळा होतो आणि त्यावर बोट ठेवलं की दुसरं पान उघडतं, ती वाट.

माझा जन्म शिवणाच्या खोलीतला. मध्ये कापायचं लांब टेबल, भिंतीला टेकून दोन मशिनं, खिडकीपाशी एक बुटकी खुर्ची. टेबलाच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर, आणि त्याच्या बटणांवर सदानकदा खडूची पांढरी भुकटी. खोली दोन बहिणींची होती. थोरली कापड कापायची आणि मशीन चालवायची. धाकटी खिडकीपाशी बसून हाताचं काम करायची: तुरपाई, रफू, हूक आणि काजं. बटण ज्या चिरेतून जातं ना, कडेने दोऱ्याने गुंफून घेतलेली, ते काज. थोरलीने जन्मात काज केलं नाही आणि धाकटीने जन्मात कापडाला मोठी कात्री लावली नाही. अशी वाटणी कुणी करून दिली नव्हती, ती आपोआप पडली होती.

धाकटीला थोरली 'ठकी' म्हणायची. बाहुलीसारखी होती म्हणे लहानपणी. माझ्या वेळेपर्यंत तिचे केस पिकायला लागले होते, पण नाव काही सुटलं नव्हतं.

खोलीत बायका शिवण शिकायला यायच्या आणि घरी गेल्या की अर्धं विसरायच्या. तेव्हा धाकटीनेच टूम काढली, "ताई, आपण हे सगळं लिहून इंटरनेटवर टाकू या."

"वाचून कुणाला शिवण येते का गं?" थोरली म्हणाली. "उद्या वाचून पोहायला शिकवशील."

म्हणाली खरी, पण दुसऱ्या दिवशी आधी लिहायला बसली ती हीच. बाह्या कशा कापायच्या यावर तिने असं पान लिहिलं की वाचताना वाटावं, ही समोर पट्टी घेऊन उभी आहे.

पानं चढवायचं काम थोरलीच्या दिराकडे आलं. ते वेबसाइट बनवणाऱ्या ऑफिसात नोकरीला होते. थोरली त्यांना भावजी म्हणायची, म्हणून मीही भावजीच म्हणते. जन्म देणाऱ्याला भावजी म्हणणं बरं दिसत नाही, पण मला दुसरा शब्द शिकवला कुणी?

पानं वाढली तसा गोंधळ वाढला. शर्टाच्या पानावर 'अस्तर' आलं की वाचणारी विचारायची, अस्तर लावायचं कसं ते कुठे लिहिलंय? भावजी सुट्टीच्या दिवशी एकेका शब्दाला हाताने लिंक देत बसायचे. कंटाळून त्यांनी एकदा सरसकट हुकूम सोडला: जिथे 'सुई' दिसेल, जिथे 'काज' दिसेल, तिथे लिंक घाल. झालं! सुईच्या चित्राच्या आत चित्राचं नाव लिहिलेलं होतं, लिंक तिथेही घुसली. चित्र फाटलं आणि पानभर कंस नि अवतरणचिन्हं सांडली. एका पानावर 'काजूच्या आकाराचा खिसा' होता. त्यातला अर्धा काजू निळा झाला.

धाकटी तोंडाला पदर लावून हसली. थोरली मात्र कडाडली, "भावजी, तुम्ही घडीवरूनच कात्री चालवलीत! घडी मोडा की आधी."

"मोडतोय वहिनी, मोडतोय," भावजी म्हणाले. "त्यालाच पार्सर लागतो."

पार्सर हा माझा जन्माचा सोबती. तो माझ्याहून शिकलेला. पान हातात आलं की तो ते थराथराने सुटं करतो. हा मथळा, हा परिच्छेद, परिच्छेदाच्या पोटात हे ठळक अक्षर, हे चित्र, ही आधीची लिंक. सगळं टेबलावर मांडून ठेवतो आणि मला म्हणतो, जा, आता फिर. मग मी साध्या लिखाणावरून तेवढी फिरते. चित्राला हात लावत नाही. मथळ्याला लावत नाही. ज्या शब्दाला आधीच लिंक आहे त्याच्या वाटेला जात नाही, कारण कुणाचा हात धरून चाललेल्याला आपण का ओढावं? 'काजाचा दोरा' असं लांब नाव आलं तर आधी ते अख्खं घेते, उगाच त्यातलं काज तोडत नाही. आणि काजू आता साबूत राहतो.

एक नियम थोरलीने घालून दिला. एका पानात एका शब्दाला एकदाच लिंक, आणि तीही तो पहिल्यांदा येईल तिथे. "पाहुण्याची ओळख दारात एकदा करून द्यायची," ती म्हणाली. "दर घोटाला काय सांगत बसायचं, हे आमचे अमुक, हे आमचे तमुक?" हा नियम लक्षात ठेवा. पुढे सगळा घोळ त्यानेच घातला.

मूळ पानाला मात्र मी कधी धक्का लावत नसे. ते कपाटात घडी घातल्यासारखं जसंच्या तसं. मी त्याची नक्कल घ्यायची, तिच्यावर लिंका टाचायच्या आणि ती नक्कल लोकांसाठी वर चढायची. शब्दांची यादी बदलली की जुन्या लिंका गेल्या, नव्या लागल्या, कापडाला भोक नाही.

"म्हणजे टाचणीच की ही," धाकटी म्हणाली. तेच नाव पडलं.

काय दिवस होते! थोरलीच्या शर्टाच्या पानावरून मी वाचणारीला धाकटीच्या काजाच्या पानावर सोडायची, तिथून परत थोरलीच्या बटणपट्टीच्या, म्हणजे काजं-बटणं बसतात त्या पट्टीच्या पानावर. दिवसभर दोघी बहिणींच्या मधून माझी ये-जा. धाकटीने काजाच्या पानावर लिहिलं होतं, 'चीर पाडायच्या आधी एकदा श्वास सोडा.' ते वाचून थोरली म्हणायची, "शिवण शिकवतेयस की बाळंतपण?" धाकटी म्हणायची, "तू श्वास सोडत नाहीस म्हणूनच चिडकी आहेस." मग चहा व्हायचा. कप माझ्या कॉम्प्युटरच्या डोक्यावर ठेवला जायचा, आणि भावजी रोज ओरडायचे, आणि कप रोज तिथेच असायचा. त्याचं तांबूस वर्तुळ अजून आहे. पुसलं कुणी नाही.

मग तो कोट आला.

कुणा गिऱ्हाइकाचा चांगला लोकरी कोट होता. थोरलीने कापला, मशीन मारली, धाकटीने काजं केली. बटणं लावून बघतात तर पुढची बाजू ओढल्यासारखी, एक टोक वर, एक खाली. शिकायला आलेल्या बायका भोवती उभ्या होत्या. या खोलीत एक रीत होती. आपापसात एकमेकीचं काम हजारदा उसवायचं, पण शिकणाऱ्यांसमोर नाही. थोरलीने त्या दिवशी ती मोडली. उसवायची सुरी उचलली आणि काजांचा दोरा सर्रकन कापत गेली.

"डोळे कुठे होते?" ती म्हणाली. "सरळ रेघ दिसत नाही का तुला?"

शिवण उसवली तर पुन्हा घालता येते. काजाचं तसं नाही. चीर पडलेली असते, दोरा काढला की नुसतं भोक उरतं आणि सुतं निघत राहतात. कोट गेला.

"काजं सरळ होती," धाकटी शांतपणे म्हणाली. "तुझी बटणपट्टी तिरकी कापलीय."

"माझी पट्टी? माझी?"

बस्स. धाकटीने आपला सुयांचा डबा उचलला. थोड्याच दिवसांत ती दुसऱ्या शहरात राहायला गेली आणि तिथे तिने स्वतःचा वर्ग काढला. आपली पानंही घेऊन गेली. तिची होती ती, तिने नेली, तिच्या नव्या वेबसाइटवर लावली.

थोरली भावजींना म्हणाली, "तिच्याकडे जाणारी एक वाट राहता कामा नये."

"वहिनी, वाचणाऱ्यांची पंचाईत होईल."

"होऊ दे."

भावजींनी माझ्या यादीतून काज, तुरपाई, रफू असे शब्द काढले आणि मला एकदा फिरवलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं सगळं. निळे शब्द काळे झाले. त्या कामात मला काही कष्ट पडले नाहीत, आणि तेच मला अजून खुपतं. इतक्या वर्षांची ये-जा थांबायला काहीतरी वेळ लागायला हवा होता की नको?

थोरली मोठी जिद्दीची. तुरपाईचं पान तिने पुन्हा लिहिलं. रफूचं लिहिलं. काजाचं काही लिहिलं नाही. आणि त्या दिवसापासून त्या खोलीतून एकाही कपड्याला काज गेलं नाही. शर्टाला टिचबटणं, म्हणजे दाबली की टच् करून बसतात ती. फ्रॉकला चेन. कोटालासुद्धा टिचबटणं! गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणायची, "आजकाल हेच चालतं." कुणाच्या आजकाल चालत होतं देव जाणे.

त्याच भरात तिने टिचबटणांचं पान लिहिलं. भावजींनी न वाचताच चढवलं. पान असं सुरू होत होतं: 'घाईने केलेल्या काजापेक्षा टिचबटण कधीही बरं. ज्यांना सरळ रेघ दिसत नाही, त्यांनी त्या भानगडीत पडूच नये.' तेव्हा 'काज' माझ्या यादीत नव्हतं. मी मुकाट पुढे गेले.

वर्षं गेली. खिडकीपाशीची खुर्ची कुणी हलवली नाही. नव्या शिकणाऱ्या बाईने तिच्यावर पिशवी ठेवली तर थोरली म्हणायची, "तिथे नको." कारण विचारायची कुणाची छाती नव्हती.

मग एक दिवस एका वाचणारीचा निरोप आला. भावजींनी तो मोठ्याने वाचला. 'ताई, तुमची पानं वाचून नवऱ्याचा शर्ट शिवला. कॉलर झाली, बाह्या झाल्या. काजं राहिलीत. कुठे लिहिलंय सापडत नाही. बटणं मुठीत घेऊन बसलेय.'

थोरलीने भावजींना उठवलं आणि स्वतः कॉम्प्युटरसमोर बसली. लिहिलं, 'काज करताना'. खोडलं. 'प्रथम कापडावर'. खोडलं. दुपारभर तेच. शेवटी एक ओळ लिहिली: 'चीर पाडायच्या आधी एकदा श्वास सोडा.' बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली, आणि ती ओळ तिने खोडली नाही, नुसतीच उठली. चहा ठेवायला आत गेली आणि तिथून ओरडली,

"भावजी, काज या शब्दाला लिंक द्या."

"कुठली?"

"जिथे काज नीट शिकवतात तिथली."

"कुणाकडे ते?"

"मला विचारताय? तुम्ही वेबसाइटवाले, शोधा की!" आतून कपबशी आपटल्याचा आवाज आला. "तुम्हाला ठाऊक आहे कुणाकडे."

भावजींना ठाऊक होतं. त्यांनी माझ्या यादीत पुन्हा 'काज' लिहिलं, पुढे धाकटीच्या पानाचा पत्ता. आणि मला फिरवलं. हो, मला आनंद झाला! झपाझप फिरले. शर्ट, झबलं, कोट, उशीचा अभ्रा, जिथे काज पहिल्यांदा भेटलं तिथे लिंक. आणि टिचबटणांच्या पानावरही, नियमाप्रमाणे, पहिल्याच वाक्यात. 'घाईने केलेल्या काजापेक्षा'. लिंक लागली, काजावर बोट ठेवा, थेट धाकटीच्या दारात. मी सांगितलं ना, मला शब्द कळतो, टोमणा कळत नाही.

आपल्या पानावर लोक कुठून येतात ते वेबसाइटवाल्याला दिसतं. धाकटीलाही दिसलं. उलट्या पावली ती त्या पानावर आली आणि तिने ते वाचलं.

सकाळी फोन वाजला. थोरलीचे दोन्ही हात कापडावर, म्हणून भावजींनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"बोला," थोरली म्हणाली. कात्री चालूच.

"बोला काय? मी आहे."

कात्री थांबली.

"मला सरळ रेघ दिसत नाही म्हणे," धाकटीचा आवाज चढला. "इतकी वर्षं गप्प होतीस ते बरं होतं गं. आता शिव्या तुझ्या आणि पत्ता माझा? जगाला दाखवतेयस, ही बघा ती आंधळी, इथे राहते?"

"काय बरळतेयस?"

"टिचबटणांचं पान! उघड आणि बघ!"

भावजींनी उघडलं. थोरलीने चष्मा पुसून वाचलं. मग भावजींकडे असं पाहिलं की बिचारे स्टुलावरून उठून उभे राहिले.

"मी वाट जोडा म्हटलं होतं, भावजी. वाट लावा नव्हतं म्हटलं!"

"मी नाही वहिनी, टाचणीने लावली," भावजी म्हणाले. "ती पहिला शब्द धरते. नियम तुमचाच आहे."

"टाचणी आहे अजून?" फोनमधून धाकटी म्हणाली. तिचा आवाज क्षणभर खाली आला. मग पुन्हा चढला. "बरं, शब्द टाचणीने धरला. पण माझा पत्ता तिला दिला कुणी? तोपण ती आपोआप शोधते का?"

मला वाटलं, आता ही बाई काहीतरी भलतंच बोलणार आणि पुन्हा माझ्या यादीतून शब्द जाणार. या खेपेला कायमचा.

"मी दिला," थोरली म्हणाली.

"का?"

"लोक विचारतात. काज कुठे शिकायचं."

"मग शिकव तू."

"मला येत नाही." आणि मग, दात ओढून काढावा तसं, "तुझ्यासारखं नाही येत."

"अजून टिचबटणंच लावतेस?"

"हो."

"शर्टाला?"

"हो."

"कोटाला नाही ना लावत?"

थोरलीने टेबलावरची मोजायची पट्टी उचलली.

"ताई! कोटाला? अगं, जेवून उठलं की सुटत असतील पटापट!"

"सुटतात," थोरली म्हणाली, आणि तिकडून धाकटीचं हसू आलं, तेच तोंडावर पदर धरलेलं. भावजीही हसले. थोरली हसली नाही. ती पट्टी हातात धरून तशीच उभी होती.

"ठके, ऐक. त्या कोटाची बटणपट्टी तिरकी होती."

"काय म्हणालीस?"

"ऐकू येत नाही का आता? पट्टी मी तिरकी कापली होती. तू गेल्यावर मोजली. तुझी काजं सरळ होती, सगळी."

धाकटी म्हणाली, "मोजलीस आणि गप्प बसलीस?"

"बसले."

"एवढी वर्षं?"

"आता रडू नकोस, मला कापायचंय अजून," थोरली म्हणाली, आणि स्वतःच नाक ओढलं.

भावजी ते वाक्य काढून टाकायला निघाले होते. धाकटीने काढू दिलं नाही. "राहू दे. तेवढं एकच पान तिने मनापासून लिहिलंय." मग थोरलीने त्याखाली आणखी दोन ओळी घातल्या: 'वरचं वाक्य रागात लिहिलं. रेघ मलाच दिसली नव्हती.' लिंक मात्र जिथे होती तिथेच ठेवली.

तेव्हापासून माझी ये-जा पुन्हा सुरू झाली. दोन शहरं, दोन वेबसाइटी, मध्ये मी. धाकटीच्या पानांवरूनही आता थोरलीच्या पानांकडे वाटा येतात. त्या धाकटी हाताने देते. तिला माझ्यावर भरवसा नाही म्हणते. बरोबर आहे तिचं!

आता माझं सांगायचं तर, मी जुनी झाले. हा कॉम्प्युटर धापा टाकतो. भावजींनी नवी व्यवस्था आणलीय, ती माझ्याहून हुशार आहे, तिला म्हणे टोमणासुद्धा कळतो. कळो बापडा. तिला टोमणा कळला असता तर तिने ते पान सोडून दिलं असतं आणि तो फोन कधी आला नसता.

काल थोरलीने विचारलं, "ही बंद केली की लिंका जाणार का?"

"जाणार. त्या टाचलेल्याच आहेत," भावजी म्हणाले.

"मग आधी पक्की शिवण घालून घ्या."

म्हणून आज मला शेवटचं फिरवणार आहेत. या खेपेला नकलेवर नाही. मूळ पानांवर, कायमच्या लिंका. आयुष्यात पहिल्यांदा मी मूळ कापडाला हात लावणार. शिवण बसली की टाचणी काढतात, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. कपड्यात राहिलेली टाचणी टोचते. फक्त एवढंच मागते: काढा, पण फेकू नका. कुठल्यातरी डबीत टाकून ठेवा. आणि तुमच्या घरात कुणाशी बोलणं तुटलं असेल, तर जुन्या शब्दावरून एकदा बोट फिरवून बघा. वाट असते कधी कधी.

पार्सर पानं पसरतोय. खिडकीपाशीच्या खुर्चीत धाकटी बसलीय. चार दिवसांसाठी आलीय, मांडीवर काजांचं काम आहे. थोरली नव्या कोटाची बटणपट्टी आखतेय. कात्री उचलते, खाली ठेवते.

"ठके, बघ गं जरा. सरळ आहे का?"

धाकटी उठून येते. चहाचा कप माझ्या डोक्यावर ठेवते. वाकून बघते.

"तिरकी आहे."

"कुठे?"

"श्वास सोड, मग दिसेल."

थोरली श्वास सोडते, खडूची रेघ पुसते आणि पुन्हा आखायला घेते. भावजी बटण दाबताहेत. निघते मी.